चांगलं पोरगं ठेवायचं की सोडायचं? पुणेरी पलटण आणि शादलुईचा हिशोब



आपल्या चॅनलवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भांडवलाचा नाही आणि जीएसटीचाही नाही. तो असा असतो: "सर, दुकानात एक पोरगं तयार केलं. हात चांगलाय, गिऱ्हाईक त्याचंच नाव घेऊन येतं. आता नांदेडवाला जास्त पगार देतोय. थांबवू का जाऊ देऊ?"

हिंगोली असो, वसमत असो, कळमनुरी असो, सेनगाव असो, प्रश्न तोच. गॅरेजवाला विचारतो, मोबाईल रिपेअरिंगवाला विचारतो, ब्लाउज शिवणाऱ्या ताई विचारतात, केटरिंगवाले विचारतात. आपल्या छोट्या धंद्यात दोन-तीन माणसं असतात. त्यातलं एक गेलं की अर्धं दुकान गेल्यासारखं वाटतं.

याचं उत्तर आज कबड्डीच्या मैदानावर शोधू. कारण हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या एका संघापुढे आला होता, कोट्यवधी रुपयांचा होता, आणि त्याचा निकाल सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. संघ म्हणजे पुणेरी पलटण. पोरगं म्हणजे इराणचा मोहम्मदरझा शादलुई.

एकाच खेळाडूचा बदलता भाव

आधी ज्यांना कबड्डी फारशी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कबड्डीत चढाई करणारा नाव कमावतो, टाळ्या त्याला मिळतात. पण सामना जिंकून देतात ते पकड करणारे. त्यातही कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू फार मोलाचा. चढाई करणाऱ्याचा पाय, घोटा नेमक्या क्षणाला धरायचा. अर्धा सेकंद लवकर गेला की गुणही जातो आणि स्वतःही बाद होतो. हे कसब शिकायला वर्षं लागतात. म्हणून चांगला कोपरा बाजारात सहज मिळत नाही.

शादलुई हा असा डावा कोपरा. प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात पाटणा पायरेट्सने त्याला ३१ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने पकडीचे ८९ गुण मिळवले आणि सगळ्या बचावपटूंमध्ये पहिला आला. पाटणा अंतिम सामन्यात गेलं, दबंग दिल्लीकडून एका गुणाने हरलं.

नवव्या हंगामानंतर पाटण्याने त्याला सोडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत लिलाव झाला आणि पुणेरी पलटणने त्याच्यासाठी मोजले २ कोटी ३५ लाख. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्या लिलावात त्याच्यापेक्षा जास्त पैसे फक्त पवन सेहरावतला मिळाले, २ कोटी ६० लाख.

आता बघा, एका संघाला सगळे खेळाडू मिळून खर्च करायची मर्यादा होती ५ कोटी. म्हणजे एकट्या शादलुईवर ४७ टक्के. बाकी सगळ्या संघाला उरले २ कोटी ६५ लाख. संघात किमान अठरा जण लागतात. तुमच्या दुकानातल्या पगाराच्या निम्मे पैसे एकाच माणसाला द्यायचे, असं समजा. छातीत धडधड होईल की नाही?

पण पैसे वसूल झाले. शादलुईने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, पुन्हा पहिला नंबर. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा प्रो कबड्डीचा चषक पुण्यात आला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. महाग माणूस घेतला, त्याने काम केलं, धंदा एक नंबरला गेला. खरा प्रश्न पुढे आहे.

पुढच्या लिलावाआधी पलटणने शादलुईला ठेवलं नाही. १५ ऑगस्ट २०२४ ला तो पुन्हा लिलावात आला आणि हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. म्हणजे ज्या संघाला अंतिम सामन्यात हरवलं, त्याच संघात तो गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर आपला कारागीर समोरच्या दुकानात बसला.

आणि मग काय झालं? २९ डिसेंबर २०२४. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना. मैदान पुण्याचं, बालेवाडीचं. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवून चषक उचलला. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला शादलुई. पुणेरी पलटण? गतविजेता संघ पहिल्या सहातही आला नाही. आपल्याच घरच्या मैदानावर, आपणच सोडलेला माणूस चषक उचलतोय आणि आपण प्ले-ऑफमध्येसुद्धा नाही.

"ठेवायलाच पाहिजे होतं" म्हणणाऱ्यांचा मुद्दा

त्या दिवशी कोणत्याही कबड्डीप्रेमीला विचारलं असतं तर त्याने डोक्याला हात लावला असता. आणि त्यांचा मुद्दा कच्चा नाही.

पहिली गोष्ट, वय. २४ वर्षांचा खेळाडू. अजून सात-आठ वर्षं खेळेल. म्हातारा झालेला बैल विकणं वेगळं आणि ऐन भरातला विकणं वेगळं.

दुसरी गोष्ट, भाव. आदल्या वर्षी २ कोटी ३५ लाख मोजले होते. आता तोच माणूस २ कोटी ७ लाखांना गेला, म्हणजे २८ लाख स्वस्त. लिलावात जुन्या संघाला एक सोयही असते. शेवटची बोली जेवढी लागेल तेवढी रक्कम भरून आपला माणूस परत घेता येतो. तरी पलटण पुढे आली नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. आपण सोडलेला माणूस नुसता जात नाही, तो समोरच्याची ताकद वाढवतो. आपलं एक कमी होतं, त्याचं एक वाढतं. फरक दोनाचा पडतो.

तुमच्या दुकानालाही हे तिन्ही मुद्दे लागू आहेत. तुमचं पोरगं बाविशीतलं आहे. त्याला घ्यायला बाहेर माणसं तयार आहेत. आणि ते जाणार कुठे? बहुतेक वेळा दोन गल्ल्या सोडून, तेच गिऱ्हाईक घेऊन.

"सोडलं ते बरोबर" म्हणणाऱ्यांचा मुद्दा

आता दुसरी बाजू ऐका. घाई करू नका, कारण गोष्ट डिसेंबर २०२४ ला संपत नाही.

पुणेरी पलटण एका माणसाचा संघ कधीच नव्हता. ज्या दहाव्या हंगामात शादलुईने ९९ गुण घेतले, त्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला कर्णधार अस्लम इनामदारला. अस्लम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो आणि मोहित गोयत आठव्या हंगामात नवोदित म्हणून कमी पैशात संघात आले. पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, ही सगळी पोरं एकत्र खेळत मोठी झाली. पुण्याने ही मंडळी धरून ठेवली. ५ कोटींची मर्यादा असताना एकाला २ कोटींच्या वर द्यायचे आणि वर ही सगळी पोरंही ठेवायची, हे गणित जमवणं सोपं नाही. कारण जिंकल्यावर फक्त स्टारचा भाव वाढत नाही, सगळ्यांचाच वाढतो.

हे नीट लक्षात घ्या. कबड्डीत एकटा कोपरा पकड पूर्ण करत नाही. त्याने पाय धरला की शेजारचा मध्यरक्षक येऊन कंबर धरतो, साखळीतले दोघं धावून येतात, तेव्हा कुठे चढाई करणारा मध्यरेषेच्या अलीकडे अडकतो. शेजारचे हलके निघाले तर सगळ्यात महाग कोपरासुद्धा पाय धरून फरफटत जातो.

अकराव्या हंगामात पलटण खाली गेली ती फक्त शादलुई नसल्यामुळे का? नाही. त्याच हंगामात कर्णधार अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. एक खांब आपण काढला होता, दुसरा आपोआप पडला. छप्पर खाली येणारच.

आता पुढचं वर्ष बघा. चषक जिंकून देणाऱ्या, हंगामातला सर्वोत्तम ठरलेल्या शादलुईला हरियाणानेही ठेवलं नाही! २०२५ च्या लिलावात गुजरात जायंट्सने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. आणि गुजरातचा संघ पहिल्या आठातही आला नाही. माणूस तोच, कसब तेच, पैसे तेवढेच. दोन ठिकाणी चषक, तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. फरक त्याच्या आजूबाजूला कोण होतं याचा.

आणि पुणेरी पलटण? त्याच बाराव्या हंगामात, शादलुईशिवाय, अस्लम आणि त्याच्या जुन्या मंडळींना घेऊन पलटण थेट अंतिम सामन्यात पोहोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली, पण एका वर्षात तळातून वर आली.

मग खरं काय? सोडलं ते चूक की बरोबर?

माझं मत

बीबीएला असताना पुस्तकात याला 'रिटेन्शन' म्हणायचे आणि खूप मोठमोठ्या व्याख्या होत्या. दुकान टाकल्यावर मला त्यातलं एकच वाक्य उरलं, तेही माझ्या शब्दात: पोरगं चांगलं आहे का, हा प्रश्नच नाही. ते गेल्यावर दुसरं उभं राहायला किती दिवस लागतील, हा प्रश्न आहे.

शादलुई चांगला होता हे सगळ्यांना माहीत होतं. पुण्यालाही माहीत होतं. पण पुण्याला त्याच्याशिवाय पुन्हा उभं राहायला एक हंगाम लागला. तो एक हंगाम म्हणजे त्याला न ठेवण्याची किंमत. ती किंमत त्याला ठेवण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल तर सोडलेलं बरोबर. जास्त असेल तर चूक. बाकी रुसवे, फुगवे, "मी याला शिकवलं" हे सगळं हिशोबाच्या वहीबाहेर.

माझ्या मते पुण्याने शादलुईला सोडलं हे बरोबर होतं, पण त्याच्या जागेची तयारी आधी पूर्ण झाली नव्हती. निर्णय बरोबर, वेळ कच्ची. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. आपण तयारीही करत नाही आणि निर्णयही घेत नाही. पोरगंच एक दिवस येऊन सांगतं, "मालक, एक तारखेपासून येणार नाही."

हाच हिशोब गॅरेजमध्ये

आता वही-पेन घ्या. एक दुचाकीचं गॅरेज समजा. मालक आणि तीन माणसं. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

मजुरीची महिन्याची कमाई १ लाख १० हजार. पार्टवर सुटणारे पैसे ३० हजार. एकूण १ लाख ४० हजार. भाडं, लाईट, बाकी खर्च २५ हजार. पगार: मुख्य मेकॅनिक १६ हजार, दोन हेल्पर प्रत्येकी ९ हजार, मिळून ३४ हजार. मालकाला उरतात ८१ हजार. बँकेचा हप्ता २० हजार गेला की हातात ६१ हजार.

आता गंमत बघा. ३४ हजारांत १६ हजार म्हणजे किती? ४७ टक्के. पुण्याने शादलुईवर जेवढा वाटा खर्च केला, बरोबर तेवढाच! म्हणजे प्रत्येक गॅरेजात एक शादलुई असतो.

मुख्य मेकॅनिकला नांदेडच्या शोरूममधून बोलावणं आलं. तो म्हणतो, "मालक, २४ हजार द्या, मी थांबतो."

पहिली ओळ: ठेवण्याचा खरा खर्च. वरवर वाटतं ८ हजार वाढले. पण दोन्ही हेल्परांना संध्याकाळपर्यंत बातमी लागते. त्यांनाही निदान दोन-दोन हजार वाढवावे लागतात. म्हणजे ८ नाही, १२ हजार. वर्षाचे १ लाख ४४ हजार. मालकाच्या हातातले ६१ चे ४९ झाले. आणि ही वाढ पुढच्या वर्षी कमी होत नाही, तिच्यावर अजून वाढ येते.

दुसरी ओळ: जाण्याचा खरा खर्च. १ लाख १० हजारांच्या मजुरीत इंजिनचं आणि फ्युएल इंजेक्शनचं काम, जे फक्त त्यालाच येतं, ते समजा ४० हजारांचं. तो गेला तर मालक स्वतः बसून, बाहेरून करून घेऊन निम्मं काम सांभाळेल. २० हजार बुडतील. त्याबरोबर पार्टवरचे ५ हजार बुडतील. महिन्याला २५ हजारांचं नुकसान. त्याच्या जागी जो येईल त्याला तेच १६ हजार दिले असं धरा, म्हणजे पगारात फरक नाही.

तिसरी ओळ: किती महिने? १ लाख ४४ हजाराला २५ हजाराने भागा. येतात पावणेसहा.

हाच तुमचा आकडा. दुसरा माणूस पावणेसहा महिन्यांच्या आत तयार होणार असेल, तर जाऊ देणं स्वस्त पडतं. त्यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर २४ हजार द्या आणि हसून द्या, कुरकुर करत देऊ नका.

बघा, या हिशोबात "तो किती चांगला आहे" हे वेगळं कुठेच लिहावं लागलं नाही. ते २५ हजारांच्या आकड्यात आलंच. निर्णय फिरतो तो महिन्यांवर. आणि महिने कमी करणं तुमच्या हातात आहे.

दुसरा नंबर तयार असेल तर घाम फुटत नाही

पहिला माणूस दुकानात असतानाच दुसरा तयार करायचा असतो. तो गेल्यावर शिकवणार कोण? शिकवणाराच तर गेला!

आपल्याकडे मोटार वायंडिंगचं काम आहे. हळदीला, उसाला पाणी देण्याच्या दिवसात शेतकऱ्याची मोटार जळाली की त्याला थांबायला वेळ नसतो. अशा वेळी एकाच हातावर दुकान चालवणं म्हणजे धोका. म्हणून आपल्या दुकानात एक नियम आहे. शनिवारी येणारं काम मुख्य कारागीर हातात घेत नाही. तो शेजारी बसतो, दुसरा पोरगा करतो. वेळ जास्त लागतो, कधी तार वाया जाते. तो खर्च मी शिकवणीची फी समजतो.

तुम्ही काय करू शकता?

पहिलं, कामाची यादी करा. दुकानातली वीस कामं लिहा. प्रत्येकासमोर लिहा, हे किती जणांना येतं. ज्या कामासमोर एकच नाव आहे, तिथे लाल पेनाने खूण. ती तुमची कमजोर जागा.

दुसरं, शिकवण्याचे पैसे द्या. मुख्य कारागिराला वाटतं, मी शिकवलं तर माझी किंमत कमी होईल. त्याची भीती खरी आहे. म्हणून सांगा, "हे काम दुसऱ्याला स्वतंत्रपणे यायला लागलं की तुला इतके रुपये बक्षीस." शिकवणं हेही काम आहे, फुकट मागू नका.

तिसरं, आयटीआयशी संबंध ठेवा. शिकाऊ उमेदवार घेण्याची सरकारी योजना आहे. चार किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या छोट्या आस्थापनालाही त्यात भाग घेता येतो आणि स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. आयटीआयमध्ये जाऊन नीट विचारून घ्या. पलटणने अस्लम आणि मोहितला नवोदित म्हणून आणलं, आणि पुढे संघ त्यांच्याच खांद्यावर उभा राहिला. आपली नवोदित मंडळी तिथेच बसलीत.

चौथं, वयस्कर हाताला कमी समजू नका. याचं उदाहरणही कबड्डीतच आहे. शादलुईच्या आधी पलटणकडे दुसरा इराणी कोपरा होता, फझल अत्राचली. नवव्या हंगामासाठी त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं होतं. संघ अंतिम सामन्यात गेला, जयपूरकडून हरला, आणि फझलला सोडलं. नंतर गुजरातने १ कोटी ६० लाख दिले, मग भाव उतरत बंगालकडे ५० लाख, आणि २०२५ ला दिल्लीने त्याला फक्त ३० लाखांना घेतलं. ३३ वर्षांचा माणूस. आणि ३१ ऑक्टोबरच्या त्या अंतिम सामन्यात पलटणसमोर दिल्लीच्या कोपऱ्यात कोण उभं होतं? फझलच. शेवटच्या क्षणांत पलटणची चढाई अडवून त्याने सामना दिल्लीच्या बाजूने नक्की केला. कोट्यवधींचा तरुण कोपरा त्या दिवशी मैदानावर नव्हता. ३० लाखांचा अनुभवी माणूस चषक घेऊन गेला. तुमच्या गावातही शहरातून परत आलेला, पन्नाशीचा एखादा कारागीर असेल. अर्धा दिवस येईल, पण दोन पोरं तयार करून देईल.

बांधून ठेवायच्या खोट्या दोऱ्या

आता थोडं कडक बोलतो. आपल्याकडे माणूस थांबवण्याचे तीन जुने उपाय आहेत. तिन्ही सोडा.

एक, उचल. पोराला दिवाळीला, बहिणीच्या लग्नाला ५० हजार उचल द्यायची आणि मग "आधी फेड, मग जा" म्हणायचं. अडचणीला मदत जरूर करा. पण उचल म्हणजे दावं नाही. मन नसलेला माणूस दुकानात ठेवला तर तो काम नाही करत, दिवस मोजतो. त्याच्या हातून जे गिऱ्हाईक दुखावतं त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

दोन, कागदपत्रं अडकवणं किंवा शेवटचा पगार दाबणं. हे चूकच आहे. त्याने घाम गाळलेला पैसा त्याचा आहे.

तीन, स्टॅम्पवर लिहून घेणं, "काम सोडल्यावर या तालुक्यात हाच धंदा करणार नाही." भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ वाचा. माणसाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. म्हणजे स्टॅम्पचे पैसे गेले आणि पोराचा विश्वासही गेला.

मग थांबवायचं कशाने? पगाराशिवाय पोरगं काय मागतं ते त्याला विचारा. कुणाला ठरलेली सुट्टी पाहिजे असते. कुणाला सगळ्यांसमोर शिवी नको असते. कुणाला मोठ्या कामात वाटा पाहिजे असतो. वरच्या उदाहरणात २४ हजार ठोक देण्याऐवजी १८ हजार पगार आणि इंजिनच्या कामाच्या मजुरीत दहा टक्के असं बोलून बघा. ४० हजारांचे दहा टक्के ४ हजार. त्याला २२ पडले. काम वाढवलं तर २४ ओलांडेल, आणि तेव्हा तुमचंही वाढलेलं असेल.

आणि तुमची शेवटची रक्कम बोलणी सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवा. लिलावात तोटा होतो तो भरात. हात वर होत जातो, समोरच्याला हरवायचं म्हणून. वहीत २२ लिहिलं असेल तर २२ ला थांबा.

जाणारा दुश्मन नसतो

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

शादलुईने पाटणा सोडलं, पुणे सोडलं, हरियाणा सोडलं. त्याला कोणी बेईमान म्हणत नाही. ३१ लाखांपासून २ कोटी ३५ लाखांवर गेला, कारण गुडघा धड आहे तोपर्यंतच कमाई आहे हे सगळ्यांना कळतं. मग आपल्या गॅरेजातलं पोरगं १६ चे २४ हजार मिळतात म्हणून निघालं तर ते नमकहराम कसं? त्याच्याही घरी आई-बाप आहेत, दोन एकर कोरडवाहू आहे, लग्न ठरायचंय. महिन्याचे ८ हजार म्हणजे वर्षाचे ९६ हजार. त्याच्या जागी तुम्ही असता तर थांबला असता का?

आणि आपल्यापैकी किती जण आधी कुणाच्या तरी दुकानात कामाला होते? तिथून शिकूनच बाहेर पडलो ना आपण?

म्हणून जाणाऱ्याला नीट निरोप द्या. शेवटच्या दिवशी पूर्ण हिशोब हातात, चहा-पोहे, आणि गिऱ्हाइकांसमोर चांगला शब्द. तो नांदेडला गेला तर तिथल्या पार्टचा भाव तुम्हाला फोनवर सांगेल. न जमणारं काम तुमच्याकडे पाठवेल. चार वर्षांनी कदाचित परत येईल, जास्त शिकून. भांडून गेलेला यातलं काहीच करत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दुकानातल्या सगळ्या पगारांची बेरीज करा. सगळ्यात मोठ्या पगाराचा वाटा किती टक्के? चाळीसच्या वर असेल तर सावध.

२. ठेवण्याचा वर्षाचा खर्च भागिले जाण्याचं महिन्याचं नुकसान. आलेला महिन्यांचा आकडा भिंतीवर लिहा.

३. दुसरा नंबर तयार व्हायला आज किती महिने लागतील, ते त्याच्या शेजारी लिहा.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर पोराचा पगार वाढवा आणि आजपासून दुसऱ्याला शिकवायला लागा. लहान असेल तर शांत झोपा. पोरगं राहिलं तरी तुमचं दुकान चालेल, गेलं तरी चालेल.

तुमचे दोन आकडे कॉमेंटमध्ये टाका. माणसाचं नाव लिहू नका, फक्त धंदा आणि आकडे. पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच हिशोब आपण बोर्डवर सोडवू.

भेटूया. धंदा करा, हिशोबाने करा.